शिक्षा की शिक्षण? ‘सितारे जमीन पर’मधला कोच आणि आपले दोन अभ्यासक्रम

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



पत्रिकेवर आजचा विषय जरा लांबलचक छापला गेलाय. ‘विशेष शैक्षणिक गरजा आणि शारीरिक शिक्षण यांचा विद्यापीठीय पातळीवरील एकत्रित अभ्यास.’ हे वाचूनही तुम्ही आलात, याबद्दल मनापासून आभार. (हशा) विषय मी सोडणार नाही, पण तिथे जायला वाट सिनेमाची घेणार आहे. एका सिनेमाची समीक्षा करता करता अभ्यासक्रमाची समीक्षा करू. मी तीस-एक वर्षं मैदानावर घालवली आहेत, त्यामुळे समीक्षा शिट्टी वाजवल्यासारखी झाली तर सांभाळून घ्या.

आधी एक शब्द बघू. हिंदी शाळांच्या वेळापत्रकात एका तासापुढे लिहिलेलं असतं, ‘शारीरिक शिक्षा’. मराठी माणूस ते वाचून हसतो. आपल्याकडे शिक्षण वेगळं आणि शिक्षा वेगळी. शारीरिक शिक्षा म्हटलं की आपल्याला छडी आठवते. पण खरं सांगा, आपल्या शाळांत या दोन शब्दांमध्ये किती अंतर होतं? उशीर झाला, मैदानाला दोन फेऱ्या. गृहपाठ नाही, वीस उठाबशा. म्हणजे धावणं आणि बैठका या माझ्या विषयातल्या दोन सुंदर गोष्टी मुलांना पहिल्यांदा भेटतात त्या शिक्षा म्हणून. नंतर मोठेपणी व्यायामाचा कंटाळा येतो, याचं आश्चर्य कशाला वाटावं?

आता सिनेमा. ‘सितारे जमीन पर’ २०२५ च्या जूनमध्ये आला. दिग्दर्शक आर. एस. प्रसन्ना. आमिर खाननं त्यात गुलशन अरोरा नावाचा बास्केटबॉलचा सहाय्यक कोच केलाय. वरिष्ठ कोचवर हात उगारतो, दारू पिऊन गाडी चालवतो, कोर्टात उभा राहतो. न्यायाधीश त्याला तुरुंगात पाठवत नाहीत. बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंचा संघ तीन महिने तयार करायचा, असा हुकूम देतात. बघा, त्याला शिक्षा झाली, आणि ती शिक्षा म्हणजे शिक्षण देणं. हिंदीतला आणि मराठीतला दोन्ही अर्थ एकाच वाक्यात आले.

हा सिनेमा मूळचा आपला नाही. २०१८ सालचा ‘कॅम्पिओनेस’ हा स्पॅनिश सिनेमा, दिग्दर्शक हाविएर फेसेर. त्याचा २०२३ मध्ये अमेरिकेत ‘चॅम्पियन्स’ झाला, मग आपल्याकडे हा. तीन देश, तीन भाषा, पण कथेचा सांगाडा तोच आहे. चिडका कोच, कोर्टाचा हुकूम, वेगळी माणसं, आणि शेवटी बदललेला कोच.

चांगलं काय आहे ते आधी सांगते. या संघातले दहाही खेळाडू ज्यांनी केलेत, ते स्वतः बौद्धिक अक्षमता किंवा न्यूरोविविधता असलेले नवोदित कलाकार आहेत. कुणी तरी नावाजलेला नट मान वाकडी करून, बोबडं बोलून बक्षीस मिळवतोय, असा प्रकार नाही. ही माणसं पडद्यावर विनोद करतात, आणि विनोद त्यांच्यावर नसतो, त्यांचा असतो. आपल्या सिनेमात ही मोठी गोष्ट आहे. गुलशन कोर्टात या खेळाडूंबद्दल एक घाणेरडा शब्द वापरतो, तेव्हा न्यायाधीश तिथल्या तिथे दंड करतात. प्रेक्षागृहात माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांनी तो शब्द ऐकून हसायला सुरुवात केली होती आणि दंड ऐकून ते मध्येच थांबले. सिनेमानं एवढं केलं तरी त्याचं तिकीट वसूल.

आता माझी तक्रार. ती सिनेमापेक्षा सिनेमाच्या गृहीतकाबद्दल आहे. या माणसांना शिकवायला वेगळं काही शिकावं लागत नाही, मन मोठं केलं की झालं, असं हे गृहीतक आहे. गुलशन येतो तेव्हा त्याला यातलं काहीही येत नाही. तीन महिन्यांनी जातो तेव्हा त्याचं हृदय बदललेलं असतं. त्यानं वाचलं काय? विचारलं कुणाला? काय करून बघितलं, काय फसलं, मग काय बदललं? हे सिनेमात फार थोडं आहे. कोणी म्हणेल, बाई, सिनेमा आहे तो, बी.एड.चा पाठ नव्हे. मान्य. पण हाच सिनेमा हृदयाच्या शल्यविशारदावर असता, तर त्याच्या मनाचा मोठेपणा बघून आपण त्याच्या हातात सुरी दिली असती का?

एक जागा मात्र सिनेमानं अचूक पकडली आहे, कदाचित नकळत. ज्ञान दोन माणसांत वाटलेलं आहे. गुलशनला बास्केटबॉल येतो. केंद्र सांभाळणारे करतार पाजी आहेत, त्यांना या खेळाडूंची आयुष्यं माहीत आहेत. कोण कुठे काम करतो, कोण कशाला घाबरतो, कुणाच्या घरी काय चाललंय. एकाकडे खेळ आहे, दुसऱ्याकडे माणूस आहे. दोघं एका पटांगणावर उभे राहतात तेव्हाच काही तरी घडतं. माझ्या लेखी हा सिनेमा एका बदललेल्या माणसाची गोष्ट कमी आणि कधीच न भेटलेल्या दोन अभ्यासक्रमांची गोष्ट जास्त आहे.

याच नावाचा थोरला भाऊ आठवा. ‘तारे जमीन पर’, २००७. त्यात चित्रकलेचे निकुंभ सर ईशानच्या वडिलांना त्याची अडचण समजावतात, तेव्हा उदाहरण चेंडूचं देतात. चेंडू झेलायचा तर त्याचा आकार, अंतर आणि वेग यांचा मेळ डोक्यात बसावा लागतो, आणि या मुलाला तो बसवता येत नाही. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अस्वस्थ झाले. कारण चेंडू कुणाच्या तासाला असतो? माझ्या! वाचनातली अडचण वर्गशिक्षकाला दिसायच्या आधी हालचालीतली अडचण मैदानावर दिसू शकते. जो मुलगा उशिरा झेप घेतो, उजवं-डावं चुकतो, दोरीवरून उडी मारताना प्रत्येक वेळी अडकतो, तो रोज माझ्यासमोर असतो. आणि आम्ही काय म्हणतो? ‘धांदरट आहे.’ ‘लक्ष नाही.’ सिनेमात ते चित्रकलेच्या शिक्षकाला दिसलं, कारण विशेष मुलांच्या शाळेतही शिकवणारा माणूस तो होता. दोन्हीकडे पाय असलेला. मला दिसलं नसतं. माझा एकच पाय होता.

आता माझी गोष्ट. ती सांगितल्याशिवाय पुढचं बोलण्याचा मला अधिकार नाही.

मी नव्वदच्या दशकात बी.पी.एड. केलं. चारशे मीटरचा ट्रॅक झोपेतही आखून दिला असता. खो-खोचं मैदान, कबड्डीच्या रेघा, गोळाफेकीच्या वर्तुळाचा व्यास, सगळं तोंडपाठ. मग एका माध्यमिक शाळेत लागले. शाळेचं नाव नको. सहावीत एक मुलगी होती, तिला शिकायला वेळ लागायचा. बौद्धिक अक्षमता सौम्य होती, हे मला फार नंतर कळलं. आम्ही लंगडी खेळायचो. ती आली की मुली म्हणायच्या, ‘बाई, ही कच्चं लिंबू.’ मी म्हणायचे, ‘हो, घ्या तिला.’ मला वाटायचं, केवढी समंजस आहेत माझी मुलं! आणि केवढी समंजस मी!

कच्चं लिंबू म्हणजे काय, हे या सभागृहात कुणाला सांगायला नको. धाकटं भावंड खेळात येतं, पळतं, ओरडतं, पण ते बाद होत नाही. धरलं तरी धरलं नाही. ही आपल्या गल्लीनं शोधलेली समावेशक शिक्षणाची पद्धत आहे, आणि तिच्यात माया आहे, हे मी नाकारत नाही. परदेशातली पुस्तकं ज्याला नियम लवचिक करणं म्हणतात, ते आपली पोरं पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत.

तर एक दिवस लंगडी घालणाऱ्या मुलीचा हात हिला लागला. चांगला पाठीवर लागला. ही थांबली. बाकीच्या बाद मुली रेघेबाहेर बसल्या होत्या, तिकडे चालत गेली आणि त्यांच्या ओळीत बसली. चेहरा असा फुललेला. मुली ओरडल्या, ‘अगं, तू आउट नाही होत, जा, पळ!’ ती माझ्याकडे बघून म्हणाली, ‘बाई, मी आउट झाले ना?’ आणि मी, मी काय म्हणावं? मी म्हणाले, ‘नाही बाळा, तू खेळ.’

ती रडली. मला वाटलं, हिला खेळ कळला नाही. घरी जाताना, एसटीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की त्या मैदानावर खेळ कळलेली ती एकटीच होती. बाद होण्याचा हक्क म्हणजेच खेळात असण्याचा हक्क. आम्ही तिला मैदानात घेतलं होतं, खेळात घेतलं नव्हतं. चार वर्षं.

त्यानंतर काही वर्षांनी मी विशेष शिक्षणाचं शिक्षण घेतलं. वय झालं होतं, वर्गातल्या मुली मला मावशी म्हणायच्या. (हशा) तिथे मला जे मिळालं, ते आधी मिळालं असतं तर त्या दिवशी मी काय केलं असतं, ते सांगते. सोपं आहे. ब्रिटनमधले शिक्षक चार गोष्टींची एक पट्टी वापरतात: जागा, काम, साधन, माणसं. यातली एक बदलून बघायची. लंगडीत तिच्यासाठी जागा वेगळी ठेवता आली असती, म्हणजे मैदानाचा एक कोपरा जिथे लंगडी घालणारीनं फक्त पाच उड्यांत बाहेर पडायचं. किंवा माणसं बदलता आली असती, तिच्याबरोबर एक जोडीदार, दोघींपैकी कुणालाही हात लागला तर दोघी बाद. नियम असा बदलायचा की ती टिकू शकेल, आणि तिचं बाद होणं मोजलं जाईल. कच्च्या लिंबात फक्त दुसरा भाग गळालेला असतो. पण तो गळला की सगळंच गळतं.

म्हणून म्हणते, चांगुलपणा आमच्याकडे कमी नव्हता. पद्धत नव्हती. ‘सितारे जमीन पर’ नेमका याच ठिकाणी गल्लत करतो. तो आपल्याला सांगतो की कमी आहे ती चांगुलपणाची.

आणि पद्धत नसली तर फक्त रडू येतं असं नाही, इजाही होते. एकच उदाहरण देते. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही व्यक्तींमध्ये मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असतो. बाहेरून काही दिसत नाही. अशा मुलाला कोलांटउडी, डोक्यावर उभं राहणं, पाण्यात सूर मारणं हे वैद्यकीय तपासणीशिवाय करायला लावणं धोक्याचं आहे. शिवाय डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळपास निम्म्या बाळांमध्ये जन्मतः हृदयाचा काही दोष असतो. आता विशेष शिक्षिकेला ही माहिती असते, पण कोलांटउडी घेताना मानेवर भार केव्हा येतो, हे तिला शिकवलेलं नसतं. मला कोलांटउडीचा टप्पा न् टप्पा माहीत होता, पण या सांध्याबद्दल माहीत नव्हतं. दोघी हुशार, दोघी प्रेमळ, आणि मूल आमच्या दोघींच्या मधल्या फटीतून पडणार. आपली शिट्टीच घ्या. स्वमग्न मुलाच्या कानाला ती कधी कधी सुरीसारखी लागते. तो कान झाकून पळतो आणि आम्ही लिहितो, ‘शिस्त नाही.’ त्याला हात वर करून किंवा रंगीत कार्ड दाखवून थांबवता येतं, हे कळायला दोन मिनिटं लागतात. पण ती दोन मिनिटं अभ्यासक्रमात कुठे तरी असावी लागतात.

आता अभ्यासक्रमाकडे येते. ही फट कुणी पाडली? कुणा एका माणसानं नाही. बी.एड. आणि बी.पी.एड. यांना मान्यता देते राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषद. (नावात बघा, पुन्हा ‘शिक्षा’!) ती शिक्षण मंत्रालयाकडे. विशेष शिक्षणाचं बी.एड. येतं भारतीय पुनर्वास परिषदेकडे, १९९२ च्या कायद्यानं, आणि ती सामाजिक न्याय मंत्रालयाकडे. खेळाचं मंत्रालय तिसरंच. मूल एक, मंत्रालयं तीन. २०१४ च्या नियमांनी बी.एड. आणि बी.पी.एड. दोन वर्षांचं झालं. साध्या बी.एड.च्या आराखड्यात समावेशक शाळा घडवण्यावर एक विषय आला, ही चांगली गोष्ट झाली. शारीरिक शिक्षणाच्या पुस्तकांतही आता ‘अनुकूलित शारीरिक शिक्षण’ असा धडा भेटतो. व्याख्या, प्रकार, उद्दिष्टं, महत्त्व. दहा गुणांचा प्रश्न. मूल कुठे आहे त्यात?

गंमत अशी, की सीबीएसईच्या बारावीच्या शारीरिक शिक्षण विषयात विशेष गरजा असलेल्या मुलांच्या खेळावर स्वतंत्र घटक आहे. पॅरालिम्पिक, स्पेशल ऑलिम्पिक, डेफलिम्पिक, सगळं आहे. म्हणजे बारावीच्या मुलाला हे माहीत असावं अशी आपली अपेक्षा आहे. त्याला शिकवणाऱ्या शिक्षकाला मात्र असं एक तरी मूल प्रत्यक्ष शिकवून बघण्याची सक्तीची संधी विद्यापीठात मिळते का, हे विचारायचं राहून गेलं.

कायद्यात ही फट नाही, हे लक्षात ठेवा. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा काढा. सोळावं कलम शाळांना सांगतं की या मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्या, आणि शिक्षणाबरोबर खेळाची, करमणुकीची संधीही इतरांच्या बरोबरीनं द्या. तिसावं कलम तर पूर्ण खेळांवर आहे, आणि त्यात अभ्यासक्रमांची, कार्यक्रमांची फेररचना करण्याचं काम सरकारला नेमून दिलेलं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात या दोन परिषदांच्या अभ्यासक्रमांमध्ये मेळ घालण्याची गोष्ट लिहिलेली आहे, आणि विषय शिकवणाऱ्या साध्या शिक्षकालाही विशेष शिक्षणाची दुय्यम पात्रता घेता यावी, असंही म्हटलेलं आहे. कागदावर गुलशन आणि करतार पाजी भेटलेले आहेत. मैदानावर भेटायचे आहेत.

‘मग बाहेर काय चित्र आहे?’ हा प्रश्न येतोच. ब्रिटनमध्ये ‘विशेष शैक्षणिक गरजा’ हा शब्दप्रयोग रुळला तो १९७८ च्या वॉर्नॉक अहवालानं. मेरी वॉर्नॉक या तत्त्वज्ञ बाई. त्यांच्या समितीनं मुलांना व्यंगांच्या खान्यांत टाकण्याऐवजी मुलाची गरज काय, हे विचारायला सांगितलं. दर पाचांतल्या एका मुलाला शाळेच्या काळात केव्हा ना केव्हा अशी गरज पडू शकते, असं त्यांनी मांडलं. म्हणजे हा ‘त्यांचा’ प्रश्न उरला नाही, तो प्रत्येक वर्गाचा झाला. आज तिथल्या काही विद्यापीठांत विशेष गरजा आणि खेळ किंवा शारीरिक शिक्षण ही पदवी एकत्र घेता येते. एका बाजूला हालचालींचा विकास, खेळाचं मानसशास्त्र, प्रशिक्षणाची तंत्रं. दुसऱ्या बाजूला स्वमग्नता, भाषेच्या अडचणी, कायदा, समावेशनाचे वाद. मध्ये शाळांमधला अनुभव. हेवा वाटावा असंच आहे.

पण भारावून जाऊ नका. जोड-पदवीतला सगळ्यात अवघड शब्द असतो ‘आणि’. दोन विभाग आपापलं शिकवतात, आणि पूल बांधायचं काम एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्यावर सोडलेलं असतं. शिवाय अशी पदवी घेतली म्हणजे तिथे शिक्षक होता येतं असं सहसा नसतं, शिक्षकाची पात्रता वेगळी मिळवावी लागते. अमेरिकेचा मार्ग निराळा. तिथल्या १९७५ च्या कायद्यानं विशेष शिक्षणाची व्याख्या करतानाच शारीरिक शिक्षणाचं नाव घातलं. गणिताचं घातलं नाही, भाषेचं घातलं नाही, हे एवढंच शालेय विषयाचं नाव घातलं. त्या एका नावामुळे विद्यापीठांना अनुकूलित शारीरिक शिक्षणाचे शिक्षक तयार करणं भाग पडलं. कायद्यातला एक शब्द असा कामाला येतो.

म्हणून कुठलाही अभ्यासक्रम तपासताना माझा एकच प्रश्न असतो. संपूर्ण पदवीत असा एक तास आहे का, जेव्हा समोर एक खरं मूल आहे आणि त्याच्या दोन बाजूंना दोन्ही विषयांचे अध्यापक उभे आहेत? असेल तर तो एकत्रित अभ्यास आहे. नसेल तर एका पिशवीत ठेवलेली ती दोन पुस्तकं आहेत.

आता सिनेमाच्या शेवटाकडे. हा संघ अंतिम सामना हरतो आणि तरी आनंदानं नाचतो, प्रतिस्पर्ध्यांनाही मिठ्या मारतो. सभागृहात टाळ्या पडतात. मीही वाजवल्या. जिंकण्याच्या वेडाला दिलेली ती चपराक आहे, आणि ती आपल्याला लागायलाच हवी. पण बाहेर पडताना ती सहावीतली मुलगी आठवली. या दहांपैकी एकाला तरी हरल्याचं वाईट का वाटू नये? हरल्यावर चिडण्याचा, पायरीवर मान खाली घालून बसण्याचा हक्क फक्त ‘नॉर्मल’ खेळाडूलाच का? त्यांच्या हसण्यातून आपल्याला धडा मिळतो, कोच सुधारतो, प्रेक्षक सुधारतो. मग त्यांचं काय? पुन्हा तेच, तू पळ, तू बाद होत नाहीस. सिनेमानं फार प्रेमानं त्यांना कच्चं लिंबू केलंय.

आपल्या मातीतला माणूस बघा. मुरलीकांत पेटकर, सांगली जिल्ह्यातले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्णपदक, वेळ ३७.३३ सेकंद, तेव्हाचा जागतिक विक्रम. त्या पाण्यात त्यांना कुणी माया म्हणून एक सेकंद दिला नव्हता. घड्याळ खरं होतं, म्हणून पदक खरं आहे. आणि मराठीतच २०१४ साली ‘यलो’ आला होता, महेश लिमये यांचा. डाऊन सिंड्रोम असलेली जलतरणपटू गौरी गाडगीळ हिच्या आयुष्यावर, आणि त्यात तिनं स्वतःच काम केलंय. त्यात उपेंद्र लिमये कोच आहे. हे दोन सिनेमे शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे कोच मध्यावर आहे, पण ‘यलो’त माझी नजर पुन्हा पुन्हा पोरीकडे गेली. ती आज काल्च्यापेक्षा बरी पोहली की नाही, याची मला काळजी लागली. ‘सितारे’मध्ये मला काळजी लागली गुलशनच्या संसाराची.

खेळ खरा ठेवूनही मायेनं कसं वागायचं, याचं उत्तर आहे. स्पेशल ऑलिम्पिकमध्ये खेळाडूंचे गट त्यांच्या क्षमतेनुसार पाडतात, साधारण सारख्या ताकदीचे एकत्र. मग त्या गटात हार म्हणजे हार आणि जीत म्हणजे जीत. हे गट पाडणं, क्षमता मोजणं, हे भावनेचं काम नाही, अभ्यासाचं काम आहे. आणि ते हलगर्जीपणानं केलं तर काय होतं? २००० सालच्या सिडनी पॅरालिम्पिकमध्ये बौद्धिक अक्षमतेच्या गटात स्पेनच्या बास्केटबॉल संघानं सुवर्ण जिंकलं. नंतर त्याच संघातून खेळलेल्या एका पत्रकारानं फोडलं की बारापैकी दहा खेळाडूंना बौद्धिक अक्षमता नव्हतीच. तपासणीच झाली नव्हती. शिक्षा कुणाला झाली? जगभरातल्या खऱ्या खेळाडूंना. २००४ आणि २००८ च्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांच्या स्पर्धाच नव्हत्या, २०१२ ला लंडनमध्ये काही खेळ परत आले. बास्केटबॉल अजून आलेला नाही. आणि ज्या देशात हे घडलं, त्याच देशानं अठरा वर्षांनी बास्केटबॉलचा तो गोड सिनेमा केला. सिनेमा सांगतो, मन मोठं करा. सिडनी सांगतं, मोजमाप नीट करा. मला विद्यार्थ्याच्या हातात दोन्ही द्यायचं आहे.

वेळ संपत आली. एक चिठ्ठी आली आहे, तेवढी घेते. बी.पी.एड.च्या विद्यार्थ्याची आहे. ‘अभ्यासक्रम बदलेल तेव्हा बदलेल, आम्ही आत्ता काय करायचं?’

छान विचारलंस. तीन कामं कर. तुझ्या कॉलेजच्या जवळची विशेष मुलांची शाळा शोध, आणि आठवड्यातून एक तास तिथे जा. शिकवायला नको, आधी चेंडू गोळा करायला जा. दुसरं, तिथल्या बाईंना तुझ्या मैदानावर बोलाव, आणि तुझा एखादा पाठ बघून काय खटकलं ते विचार. तिसरं, एक आपला खेळ घे, लगोरी घे, लंगडी घे, आणि त्यातली जागा, काम, साधन, माणसं यांतली एकेक गोष्ट बदलून वहीत लिही की कोण आत आलं. ही वही पुढे तुझा प्रबंध होईल. आणि जिथे नोकरीला लागशील तिथे मैदानाला फेऱ्या मारण्याची शिक्षा कुणालाही देऊ नकोस. धावणं ही मुलांना द्यायची चांगली गोष्ट आहे, ती चांगल्या वेळी दे.

त्या मुलीचं पुढे काय झालं, हे मला माहीत नाही. सातवीनंतर तिची शाळा सुटली. आज ती कुठे भेटली, तर मला तिला एकच उत्तर द्यायचं आहे, जे तेव्हा द्यायला जमलं नाही. हो बाळा, तू आउट झालीस. पुढच्या डावात ये.